बाणा

एकाहत्तरच्या डिसेंबरात साखर पेठेतल्या काचांना
निळे कागद लागले
आणि माझ्या नायनाला मिळाली गिरणीची गच्ची,
एक शिट्टी, एक काळा फोन,
आणि भिंतीवर ठोकलेला सावल्यांचा तक्ता.

शिकवायला आलेला सार्जंट डिकास्टा म्हणाला,
नाव आधी शोधू नका.
आधी पंख बघा. मग इंजिन. मग धड. शेवटी शेपूट.
इंग्रजीतली पहिली अक्षरं ओळीनं लावा,
होतं वेफ्ट. विसरायचं नाही.
नायना हसला.
साहेब, वेफ्ट म्हणजे बाणा, आडवा धागा.
धोट्यात घालून रोज तोच तर फेकतो आम्ही.

जॅकार्डचा माणूस. त्यानं तक्ता चौकोन मोजत वाचला.
सेबरचं तोंड उघडं, तिसऱ्या पाळीच्या जांभईसारखं.
स्टारफायटर म्हणजे सुई,
पंख असून नसल्यासारखे.
मिराज त्रिकोण, मिगही त्रिकोण,
पण मिगला मागं आडवी शेपटी आहे,
इथंच माणूस फसतो, तो मला सांगायचा,
मी सहा वर्षांची, शेंगा सोलत बसलेली.
आणि कॅनबेरा?
ते त्यांच्याकडेही, आपल्याकडेही, एकाच साच्यातलं.
मग ओळखायचं कसं, यानं विचारलं.
सार्जंट म्हणे बिडी शोधत राहिला.

नवव्या दिवशी, अकराच्या सुमारास,
होटगीच्या बाजूनं एक ठिपका.
पंख स्थिर.
इंजिन दिसत नाही.
धड बारीक.
शेपूट दुभंगलेली.
नायनानं फोन उचलला, भोंगा झाला,
आठशे माग एका दमात थांबले,
बायका जिन्याखाली, मुकादम टेबलाखाली,
कँटीनचा चहा उतू गेला.
मग त्या विमानानं
सावकाश
एक पंख हलवला.

घार. आमच्या तेलुगूत गद्दा.
अर्ध्या दिवसाचा पगार सगळ्यांचाच कापला गेला
आणि राजेशम चिप्पाचा सेबर राजेशम झाला, कायमचा.
माझ्या लग्नात पंगतीतसुद्धा लोक वर बघून
घास घ्यायचे, मुद्दाम.

तो चिडला नाही. अभ्यासाला लागला.
रद्दीवाल्याकडून किलोनं आणलेल्या मासिकांतून
स्पिटफायरचा लंबगोल पंख,
श्टुकाचा मोडक्या कोपरासारखा,
पाण्यावर बसणारी कॅटालिना,
म्हातारपणी सुखोईसुद्धा, माझ्या मुलाच्या चुका काढत.
मागांनी कान नेले होते,
विमान गेलं की आम्ही त्याचा खांदा दाबायचो,
तो वर बघायचा, तोवर आभाळ रिकामं.

एकदा आखाताकडे जाणाऱ्या टॉवेलांच्या मालात
त्यानं किनार काढली, कुणी न सांगता.
शेठ म्हणाला, पानं छान जमलीत.
पानं नव्हती ती.
मी पंच केलीत ती कार्डं, भोक न् भोक,
मला माहीत आहे
त्या पानांना दुभंगलेली शेपूट होती.

परवा डाळ ढवळता ढवळता फोनवर
कुठल्याशा शहराचं आभाळ आलं.
दोन शेपट्या, दोन इंजिनं, रुंद खांदे.
नाव माझ्या तोंडून निघून गेलं,
शहराचं नाव कळायच्या आधी.
मग कॅमेरा खाली आला.
धूर, अर्धी भिंत, एक गॅलरी,
गॅलरीत दोरी, दोरीवर टॉवेल.

मी चित्र थांबवलं. दोन बोटांनी मोठं केलं.
रंग गेलेला. किनार आहे.
पंख. धड.
आणखी मोठं केलं तर चौकोन फुटतात,
धागे मोजता येत नाहीत,
शेपूट आहे की नुसती घडी, सांगता येत नाही.
पानंही असतील. पानं कुणीही काढतं.

विचारायला नायना नाही.
भोंगा कधीचा बंद, गिरणीच्या गच्चीवर पिंपळ.
डाळ खाली लागल्याचा वास आला, तरी मी उभीच.
शिट्टी आहे अजून, कपाटात, पितळी.
फोन कुणाला करू?